पाकिटामागची यादी वाचायची कशी? शाम्पू, तेल, साबण आणि क्रीम निवडताना

शाम्पूची बाटली हातात घेतली की नजर पुढच्या चित्रावर जाते. कांदा, कोरफड, बदाम, चमकणारे केस. आत खरोखर किती कांदा आणि किती कोरफड आहे, याचा अंदाज मागच्या बारीक अक्षरांतल्या यादीवरून येतो. ती वाचायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. तीसेक नावं ओळखीची झाली आणि यादीचा क्रम कसा लावतात हे कळलं की बरंचसं काम होतं. राहिलेलं काम आपल्या पाण्याचं आणि हवेचं. मऊ पाण्याच्या गावात चांगला चालणारा साबण परभणी-बीडकडच्या बोअरच्या पाण्यात फेस धरत नाही, मग लोक ब्रँड बदलत बसतात.

आधी क्रम समजून घ्या

आपल्याकडे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. त्यांनुसार १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे सर्वात जास्त असलेला घटक सर्वात आधी. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. कंपन्या या सवलतीचा पुरेपूर उपयोग करतात. ०.०५ टक्के केशर आणि ०.९ टक्के सुगंध असेल, तर केशर आधी लिहायला त्यांना मोकळीक असते.

ही १ टक्क्याची रेषा यादीत छापलेली नसते, ती आपल्याला शोधावी लागते. त्यासाठी सर्वात भरवशाची खूण म्हणजे फिनॉक्सीएथेनॉल. हे टिकाऊपणासाठी घालतात आणि १ टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही. यादीत ते जिथे दिसेल तिथून पुढचं सगळं १ टक्का किंवा त्याहून कमी आहे असं समजा. मिथाइलपॅराबेन, कार्बोमर, झँथन गम, डायसोडियम ईडीटीए आणि टोकोफेरॉल हेही बहुतेक वेळा या रेषेच्या खालीच असतात. परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स हा शब्द साधारण रेषेच्या आसपास येतो.

रेषेच्या खालचं सगळं निरुपयोगी असतं असं मात्र नाही. रेटिनॉल ०.३ टक्क्यालाही काम करतं. हायलुरॉनिक ॲसिड, कोंड्यावरचं पिरॉक्टोन ओलामाइन हेही थोडंच पुरतं. पण कोरफड, कांदा, जास्वंद, बदाम यांचा अर्क रेषेच्या खाली असेल तर त्याच्यासाठी जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही. त्यातही ‘एक्स्ट्रॅक्ट’ म्हणून जे लिहितात त्यात पुष्कळदा मोठा भाग पाणी किंवा ग्लायकॉलच असतो.

वनस्पतींची नावं लॅटिनमध्ये येतात. आपल्याकडच्या ओळखीच्या काहींची अशी जुळवणी करून ठेवा: कोकोस न्यूसिफेरा म्हणजे नारळ, सेसमम इंडिकम म्हणजे तीळ, रिसिनस कम्युनिस म्हणजे एरंड, कार्थॅमस टिंक्टोरियस म्हणजे करडई, एक्लिप्टा अल्बा म्हणजे माका, अकेशिया कॉन्सिना म्हणजे शिकेकाई, सॅपिंडस म्हणजे रिठा, एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस म्हणजे आवळा, अझाडिरॅक्टा इंडिका म्हणजे कडुनिंब, कुरकुमा लाँगा म्हणजे हळद, ॲलियम सेपा म्हणजे कांदा, लॉसोनिया इनर्मिस म्हणजे मेंदी.

आता पुडीबद्दल. ६० मिलीपेक्षा कमी द्रव आणि ३० ग्रॅमपेक्षा कमी घट्ट मालाच्या पॅकवर घटकांची यादी छापण्याची सक्ती नाही. किराणा दुकानात माळेने टांगलेल्या एक-दोन रुपयांच्या पुड्यांवर म्हणूनच ती सहसा सापडत नाही. त्याच नावाची मोठी बाटली दुकानात असेल तर तिच्यावरची वाचा. पुडी महाग पडते असा समज आहे, पण हिशोब केला तर पुष्कळदा पुडीतला शाम्पू बाटलीपेक्षा मिलीमागे स्वस्त निघतो.

दोन बाटल्या समोरासमोर

समजा दोन शाम्पू आहेत. पहिला ‘कांदा-माका’ नावाचा, २०० मिली, २९९ रुपये. त्याची यादी अशी: ॲक्वा (म्हणजे पाणी), सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, ग्लिसरीन, सोडियम क्लोराइड, फिनॉक्सीएथेनॉल, परफ्यूम, ॲलियम सेपा बल्ब एक्स्ट्रॅक्ट, एक्लिप्टा अल्बा एक्स्ट्रॅक्ट, सायट्रिक ॲसिड.

दुसरा साधा, ३४० मिली, २१० रुपये: ॲक्वा, सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, ग्लायकॉल डायस्टिअरेट, डायमेथिकॉनॉल, परफ्यूम, ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड, टेट्रासोडियम ईडीटीए, सोडियम बेंझोएट, सायट्रिक ॲसिड.

पहिल्या तीन नावांवर बोट ठेवा. दोन्हींत तीच आहेत. म्हणजे केस धुण्याचं काम दोन्ही शाम्पू जवळजवळ सारखंच करणार. पहिल्यातला कांदा आणि माका फिनॉक्सीएथेनॉलच्या मागे, म्हणजे १ टक्क्याच्या आत. वर शाम्पू दोन मिनिटांत धुऊन जातो, तेवढ्या वेळात इतक्या कांद्याने काय होणार? दुसऱ्यात केस गुंतू नयेत म्हणून सिलिकॉन (यादीतलं डायमेथिकॉनॉल) आणि ग्वार आहे. शिवाय ईडीटीए आहे, जे जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं. किंमत पाहिली तर पहिला मिलीमागे सुमारे दीड रुपया, दुसरा ६२ पैसे. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घराने यातला दुसरा घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तुलनेची पद्धत हीच ठेवा. आधी पहिले पाच घटक, मग १ टक्क्याची रेषा, मग ज्या घटकासाठी आपण ती वस्तू घेतोय तो रेषेच्या वर आहे की खाली, आणि शेवटी मिलीमागचा किंवा ग्रॅममागचा भाव. पाकिटावर ‘युनिट सेल प्राइस’ छापलेली असते, त्यामुळे भागाकारही करावा लागत नाही.

आपलं पाणी तपासा

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर आहे. खडकाच्या भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की बोअर खोल जाते, टँकर कुठून भरून येतो ते कळत नाही, आणि पाण्याचा जडपणा महिन्या-महिन्याला बदलतो. बादलीच्या कडेला, नळाच्या तोटीवर आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढत असेल तर पाणी जड आहे.

घरी खात्री करायची असेल तर अशी करा. अंघोळीच्या साबणाचा चमचाभर कीस अर्धा कप कोमट आरओच्या पाण्यात विरघळवा. एक लिटरच्या दोन स्वच्छ पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत पाव लिटर बोअरचं पाणी, दुसरीत तेवढंच आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी. दोन्हींत साबणाच्या पाण्याचा एकेक चमचा घाला, झाकण लावून दहा सेकंद जोरात हलवा. मऊ पाण्यात फेस वर टिकतो आणि खाली पाणी बऱ्यापैकी नितळ दिसतं. जड पाण्यात फेस बसतो, पाणी दुधाळ होतं आणि फाटल्यासारखे कण तरंगतात. ही चाचणी भांड्यांच्या लिक्विडने किंवा शाम्पूने करू नका, ती जड पाण्यातही फेस देतात. नेमका आकडा हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची, म्हणजेच जडपणाची, स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून मोजणाऱ्या टीडीएस मीटरवरून कठीणपणा कळत नाही, कारण त्यात साधं मीठही मोजलं जातं.

तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, जडपणा तसाच राहतो. उकळल्याने थोडा कमी होतो, कारण तात्पुरता जडपणा तेवढा थर होऊन निघतो.

जड पाण्यात खऱ्या साबणाने केस धुतले की साबण आणि कॅल्शियम मिळून न विरघळणारा चिकटा तयार होतो आणि केसांवर बसतो. केस ताठ, राखाडी आणि धुऊनही न धुतल्यासारखे लागतात. यावर उपाय तीन. केसांना साबणाची वडी लावू नका. यादीत ईडीटीए किंवा सोडियम ग्लुकोनेट असलेला शाम्पू घ्या. आणि आठवड्यातून एकदा शेवटचं पाणी आंबट करून घ्या: एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, पांढरा व्हिनेगर. ते केसांवरून ओता, एक मिनिट थांबा, साध्या पाण्याने धुवा. डोळ्यांत जाऊ देऊ नका. टाळूवर जखम किंवा खाजवून झालेलं सालपट असेल तर हे टाळा.

शिकेकाई आणि रिठ्यातला फेस सॅपोनिन या वनस्पतीतल्याच द्रव्याचा असतो, तो जड पाण्यात असा चिकटा करत नाही. आपल्या आज्यांचे केस याच पाण्यावर नीट राहिले त्याचं एक कारण हे असावं. मात्र घरी भिजवलेल्या शिकेकाईत टिकाऊ घटक नसतो. उन्हाळ्यात ती एका दिवसात आंबते, म्हणून त्या दिवसापुरतीच भिजवा. बाजारात ‘शिकेकाई शाम्पू’ म्हणून जे मिळतं त्याचे पहिले तीन घटक वाचले की ते बहुधा सोडियम लॉरेथ सल्फेटच निघतं.

शाम्पूतली नावं

मळ काढणाऱ्या द्रव्यांत सोडियम लॉरिल सल्फेट सर्वात कडक. सोडियम लॉरेथ सल्फेट त्यापेक्षा सौम्य आणि सर्वात प्रचलित. कोकामिडोप्रोपिल बीटेन, डेसिल ग्लुकोसाइड आणि सोडियम कोकोइल आयसेथिओनेट हे अजून मवाळ. ‘सल्फेट फ्री’ लिहिलेल्या कित्येक बाटल्यांत सोडियम सी १४-१६ ओलेफिन सल्फोनेट असतं. त्यात सल्फेट नाही हे खरं, पण मळ काढण्यात ते कडकच आहे. ज्यांचं काम शेतात, धुळीत किंवा मोंढ्यात आहे आणि जे रोज तेल लावतात, त्यांना कडक शाम्पू आठवड्यातून एक-दोनदा लागतोच. त्याला घाबरण्याचं कारण नाही. डोकं कोरडं पडत असेल, केस रंगवलेले असतील तर मवाळ घ्या.

कंडिशनरमध्ये सीटाइल अल्कोहोल, सीटिअरिल अल्कोहोल दिसलं की लोक दचकतात. ही मेणासारखी स्निग्ध द्रव्यं आहेत, केस मऊ करतात. कोरडं करतं ते अल्कोहोल डिनॅट किंवा एसडी अल्कोहोल. तसंच बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट या नावात सल्फेट ऐकू आलं तरी ते कंडिशनिंगचंच काम करतं.

कोंड्यासाठी यादीत मुख्य औषधी घटक आणि त्याचं प्रमाण पाहा. झिंक पायरिथिऑन १ टक्का, पिरॉक्टोन ओलामाइन, सेलेनियम सल्फाइड, किंवा मेडिकलमध्ये मिळणारं २ टक्के कीटोकोनॅझोल. कीटोकोनॅझोल टाळूवर लावून ३ ते ५ मिनिटं ठेवायचं, आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. ‘कोंड्याचा शाम्पू लागू पडत नाही’ अशी तक्रार असते तेव्हा बहुतेकदा तो लावल्या लावल्या धुतलेला असतो.

तेल

खोबरेल तेलाच्या बाटलीवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक असेल तर ते खाद्यतेल म्हणून विकलं जातंय आणि त्याला खाद्यतेलाचे निकष लागू आहेत. ‘हेअर ऑइल’ म्हणून विकलेल्या बाटलीत काय आहे ते यादीच सांगते. मिनरल ऑइल, लाइट लिक्विड पॅराफिन किंवा पॅराफिनम लिक्विडम पहिल्या जागी असेल तर मुख्य तेल खनिज आहे आणि बदाम, आवळा किंवा जास्मिन नावापुरतं. शुद्ध केलेलं खनिज तेल विषारी नाही. ते केसाच्या वर राहतं, चमक देतं, गुंता कमी करतं. पण त्याला बदामाच्या तेलाचा भाव देऊ नका. खोबरेल तेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी जातं. म्हणून न्हाण्याआधी तासभर लावायला खोबरेलच चांगलं.

भेसळीची साधी परीक्षा: शुद्ध खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठू लागतं. बाटली फ्रिजमध्ये दोन तास ठेवा. वर पातळ थर तसाच राहिला तर दुसरं तेल मिसळलेलं आहे. डिसेंबर-जानेवारीत परभणीच्या थंडीत फ्रिजचीही गरज पडत नाही.

अंगाला लावायला करडईचं तेल आपल्याकडे घाण्यावर सहज मिळतं. त्यात लिनोलेइक आम्लाचं प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतं आणि ते कोरड्या त्वचेला मानवतं. बाहेरच्या महागड्या फेस ऑइलच्या यादीत कार्थॅमस टिंक्टोरियस सीड ऑइल म्हणून जे असतं ते हेच. फक्त ते लवकर खवट होतं. १०० मिलीची गडद बाटली भरा, दोन-तीन महिन्यांत संपवा, वास बदलला की टाकून द्या.

आयुर्वेदिक परवान्याच्या तेलावर ‘प्रत्येक १० मिलीमध्ये’ असा तपशील असतो. तो आकडा तेल शिजवताना वापरलेल्या वनस्पतीचा असतो. दोन माका तेलांची तुलना करताना हा आकडा आणि मूळ तेल तिळाचं आहे, खोबरेल आहे की पॅराफिन, हे दोन्ही पाहा.

साबण

वेष्टनावर टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्धाम्लांचं प्रमाण, लिहिलेलं असतं. ७६ टक्के किंवा जास्त म्हणजे ग्रेड १, किमान ७० म्हणजे ग्रेड २, किमान ६० म्हणजे ग्रेड ३ टॉयलेट सोप. ‘बाथिंग बार’ ही वेगळी जात आहे, तिला किमान ४० टक्के पुरतात. बाथिंग बार स्वस्त दिसतो, पण पाण्यात लवकर विरघळून जातो. टीएफएम जास्त म्हणजे साबण त्वचेला सौम्य, असं मात्र गृहीत धरू नका. कोणताही खरा साबण ९ ते १० पीएचचा, म्हणजे अल्कधर्मी, असतो आणि त्वचा साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी. इसब, फार कोरडी त्वचा किंवा तान्हं बाळ असेल तर सोडियम कोकोइल आयसेथिओनेट पहिल्या जागी असलेला सिंडेट बार, म्हणजे खरा साबण नसलेली धुण्याची वडी, घ्या. जड पाण्यात त्याचा चिकटाही होत नाही.

कोरडी हवा, भेगा आणि मॉइश्चरायझर

मॉइश्चरायझरमध्ये तीन प्रकारची द्रव्यं असतात. पाणी धरणारी: ग्लिसरीन, युरिया, सॉर्बिटॉल. मऊ करणारी: तेलं, सीटाइल अल्कोहोल, शिया बटर. वरून झाकणारी: पेट्रोलियम जेली, पॅराफिन, डायमेथिकॉन. आपल्याकडे हिवाळ्यात आणि मार्चनंतरच्या कोरड्या वाऱ्यात तिसरा प्रकार पहिल्या पाच-सहा नावांत असायलाच हवा. नुसतं ग्लिसरीन चेहऱ्याला लावलं तर कोरड्या हवेत आग होते. गुलाबपाण्यात एकास दोन मिसळा आणि वरून तेलाचं बोट फिरवा. जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर पावसाळ्यात ठीक, जानेवारीत पुरत नाही.

टाचांच्या भेगांसाठी पुढची चित्रं सोडा आणि युरियाचं प्रमाण शोधा. रोजच्यासाठी १० टक्के, कडक झालेल्या टाचेसाठी २० ते २५ टक्के. रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवा, टिपून घ्या, ओल असतानाच क्रीम चोळा, त्यावर पेट्रोलियम जेली आणि सुती मोजे. दोन आठवड्यांत फरक दिसतो. भेगेतून रक्त येत असेल तर युरिया झोंबतो, तोवर फक्त जेली लावा. मधुमेह असेल तर टाच घासू नका, कापू नका, डॉक्टरांना दाखवा.

उन्हासाठी

मे महिन्यात नांदेड-परभणीत पारा ४३-४४ अंशांवर जातो. शेतातल्या माणसाने आधी पूर्ण बाह्यांचा सदरा, रुमाल, स्कार्फ यांवर भर द्यावा. सनस्क्रीन उघड्या राहिलेल्या भागासाठी. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजवणारे किरण) अडवतो आणि ५० साधारण ९८ टक्के. त्यामुळे आकड्यापेक्षा किती लावतो हे महत्त्वाचं. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या पूर्ण लांबीवर दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. असं दिवसातून दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब तीन-साडेतीन आठवड्यांत संपते. तुमची चार महिने पुरत असेल तर तुम्हाला पाकिटावरचं संरक्षण मिळतच नाही. म्हणून स्वस्त, पण भरपूर लावता येईल असं सनस्क्रीन निवडा.

यादीत झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, इथाइलहेक्सिल मेथॉक्सिसिनामेट, ऑक्टोक्रायलीन, ब्युटाइल मेथॉक्सिडायबेंझॉइलमिथेन यांपैकी नावं वरच्या भागात हवीत. ती फिनॉक्सीएथेनॉलच्या मागे गेली असतील आणि पुढे ‘एसपीएफ ५०’ लिहिलेलं असेल, तर ती ट्यूब परत ठेवा. पाकिटावर ‘पीए’ समोरची अधिकची (+) चिन्हं यूव्हीए किरणांपासूनचं संरक्षण सांगतात. काळे डाग आणि वांग यांसाठी ती जास्त पाहा.

सीरम घेताना: नियासिनामाइड २ ते ५ टक्के, सॅलिसिलिक ॲसिड २ टक्क्यांपर्यंत, ॲझेलेइक ॲसिड १० टक्के, अशी प्रमाणं पाकिटावर स्पष्ट लिहिलेली असतील तरच त्या सीरमचे पैसे द्या. एका वेळी एकच नवं सीरम सुरू करा. व्हिटॅमिन सी पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात टिकत नाही. पिवळसर द्रव तपकिरी झाला की काम संपलं. लिंबू मात्र चेहऱ्याला चोळू नका. त्याचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजते आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात.

गोरं करणाऱ्या क्रीमबद्दल

इथे आम्हाला थांबून सांगायचं आहे, कारण यात माणसं खरोखर आजारी पडतात.

सात दिवसांत चेहरा उजळवणारी क्रीम बहुतेकदा दोन गोष्टींपैकी एकीवर चालते. पहिली पारा. भारतात सौंदर्यप्रसाधनांत पारा घालायला बंदी आहे. नकळत आलेला असला तरी दहा लाखांत १ भाग, डोळ्यांच्या मेकअपमध्ये ७०, याहून जास्त चालत नाही. अशा क्रीमवर बहुतेकदा यादीच नसते. असली तर मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल, अमोनिएटेड मर्क्युरी अशी नावं पाहा. पारा त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडं बिघडवतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये अशा क्रीम वापरणाऱ्या रुग्णांत मूत्रपिंडाचा आजार आढळला होता. लघवीला फेस येणं, पाय आणि डोळ्यांभोवती सूज, ही लक्षणं दिसली तर क्रीम सोबत घेऊन लगेच दवाखान्यात जा.

दुसरी स्टिरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. मेडिकलमधून ‘डागाची ट्यूब’ म्हणून चिठ्ठीशिवाय दिली जाते, मैत्रीण मैत्रिणीला सांगते. पहिला महिना चेहरा छान दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल रेषा उमटतात, पुटकुळ्या आणि लव येते, आणि ट्यूब थांबवली की आग होते म्हणून पुन्हा तीच लावली जाते. मार्च २०१८ मध्ये केंद्राने अशा १४ स्टिरॉइड मलमांना शेड्यूल एच मध्ये टाकलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. गजकर्णाला लावायच्या तीन-चार औषधांच्या मिश्र ट्यूबमध्येही हेच स्टिरॉइड असतं. खाज थांबते, गजकर्ण मात्र आतून पसरत राहतं आणि नंतर साध्या औषधाला दाद देत नाही. महिनोन् महिने वापरत असाल तर एकदम बंद करू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून हळूहळू सोडा. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात आणि लातूर, नांदेड, अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत ही तपासणी होते.

विकत घेण्याआधी पाकिटावर इतकं शोधा: उत्पादकाचं पूर्ण नाव आणि पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची अंतिम तारीख. आयात माल असेल तर आरसी, म्हणजे आयात नोंदणी प्रमाणपत्राचा, क्रमांक. यातलं एकही नसलेली डबी आठवडी बाजारात कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

काळी मेंदी, केसांचा रंग आणि टिकली

निव्वळ मेंदीचा रंग नारिंगी-तांबूस येतो. पहिल्याच लावणीत अर्ध्या तासात केस काळे करणारी ‘हर्बल काळी मेंदी’ असेल तर यादीत पॅरा-फिनायलीनडायमाइन किंवा पीपीडी आहे का पाहा. काहींना त्याची इतकी जबर ॲलर्जी येते की डोकं, पापण्या, चेहरा सुजतो. आधी दहा वेळा लावलं आणि काही झालं नाही, यावर विसंबू नका. ही ॲलर्जी मधेच कधीही सुरू होते. प्रत्येक वेळी ४८ तास आधी कानामागे रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका लावून पाहा. भुवया आणि मिशांना डाय लावायचं टाळाच. रसायन नको असेल तर मेंदी लावून धुवा आणि त्यानंतर नीळ, म्हणजे इंडिगोफेरा टिंक्टोरियाची पूड, पाण्यात कालवून तासभर ठेवा. वेळ जातो, पण गडद तपकिरी ते काळा रंग येतो.

कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडला तर तो कोड समजून घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. टिकलीच्या गोंदातल्या पीटीबीपी या रसायनाने रंगपेशी मरतात. टिकली लगेच बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. कुंकवाने खाज येत असेल तर त्यातला रंग हे कारण असू शकतं.

नवीन वस्तू सुरू करताना

क्रीम किंवा सीरम असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सात दिवस लावा. लाली, खाज, पुरळ आलं नाही तर चेहऱ्याला घ्या. सुगंध आणि टिकाऊपणासाठी घातलेलं मिथाइलआयसोथायाझोलिनोन ही ॲलर्जीची नेहमीची कारणं आहेत. मिथाइलआयसोथायाझोलिनोन चेहऱ्यावर राहणाऱ्या क्रीममध्ये दिसलं तर ती घेऊ नका. ‘पॅराबेन फ्री’ लिहून त्याऐवजी हेच घातलेलं आढळतं. ‘अनसेंटेड’ मालात मूळ वास झाकायला सुगंध असू शकतो, म्हणून ‘फ्रॅग्रन्स फ्री’ शोधा. ‘केमिकल फ्री’ या शब्दाला काहीच अर्थ नाही, पाणीसुद्धा रसायनच आहे.

उघड्या डबीच्या चित्रात ६एम किंवा १२एम लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. झाकणावर उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवा. पत्र्याच्या खोलीत आणि गाडीच्या डिकीत क्रीम ठेवू नका. पाणी आणि तेल वेगळं झालेलं सनस्क्रीन हलवून वापरता येत नाही, ते टाकूनच द्यावं लागतं.

अंगावर उठलंच तर भरपूर पाण्याने धुवा, त्यावर दुसरं काही लावू नका, फोटो काढा आणि डबी, पाकीट, बिल जपून ठेवा. डॉक्टरकडे जाताना ते सगळं सोबत न्या, कारण यादीवरून कारण शोधणं सोपं जातं. पाकिटावर यादी किंवा परवाना नसेल, माल बनावट वाटत असेल, तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी तक्रार द्या. पैशांबद्दलची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते.